मला पाहायला आले होते तो हिवाळा

दोह्यात हिवाळा आला हे मला थंडीवरून कळत नाही, शांततेवरून कळतं. वर्षातले बहुतेक महिने घरातला एसी अहोरात्र घरघरत असतो. तो आवाज इतका अंगवळणी पडलेला असतो की तो आहे हेच आपण विसरतो. मग नोव्हेंबरात कधीतरी एका सकाळी बायको उठून एसी बंद करते, खिडकी उघडते, आणि सगळं एकदम ऐकू यायला लागतं. शेजारच्या मल्याळी बिऱ्हाडातली कुकरची शिट्टी, गच्चीवरची कबुतरं, विमानतळाकडे खाली खाली येत जाणारं विमान. माझी मुलगी पांघरुणातूनच म्हणते, "बाबा, इट्स सो क्वाएट." मी मराठीत हो म्हणतो. चहा होतो. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला बारीक वाळूचा वास असतो. तो वास नाकात गेला की मला लाज वाटायला लागते.

ही लाज काही मोठी नाही. जुना मुरगळलेला पाय हवा पालटली की ठणकतो तशी ती दरवर्षी याच दिवसांत येते. आम्ही अल थुमामात राहतो, आणि ज्या वाळूचा वास येतो ती वाळू माझ्या ओळखीची आहे. आता तिथे एकसारख्या व्हिला आहेत, भिंतींवर बोगनवेल आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा तिथे काही नव्हतं. मोकळं माळरान होतं, आणि त्यात अमेरिकन लोकांनी आपल्या पोरांसाठी सपाट करून घेतलेलं एक बेसबॉलचं मैदान होतं.

एसी हा आमचा घरचा धंदा म्हणायला हरकत नाही. मी आज द पर्ल नावाच्या इथल्या नव्या वस्तीतल्या इमारतींच्या कूलिंगचं काम बघतो. माझ्या आधी बाबा इथे एसी मेकॅनिक होते. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून ते आले तेव्हा मी पाटी-पेन्सिलीच्या वयाचा होतो. दोन वर्षांतून एकदा ते महिनाभर घरी यायचे. पहिले काही दिवस घरात परदेशी साबणाचा वास असायचा. मग तो ओसरायचा, बाबा आमच्यातले वाटायला लागायचे, आणि तेवढ्यात त्यांची जायची वेळ व्हायची. त्यामुळे बाबा म्हटलं की मला माणूस आठवायच्या आधी तो वास आठवायचा.

आमच्याकडे कॉलेजात बेसबॉल खेळतात म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक हसतात. पण आमच्या भागात तो खरंच खेळला जातो, आणि जीव लावून खेळला जातो. मी आमच्या कॉलेजचा पिचर होतो. बॅट घेऊन उभ्या असलेल्या गड्याला चकवून पलीकडे बसलेल्या कॅचरच्या हातात चेंडू घालायचा, हे पिचरचं काम. दोन बोटं शिवणीवर आडवी ठेवायची, मनगट सोडताना जरासं फिरवायचं, आणि चेंडू सरळ येतोय असं वाटता वाटता शेवटच्या क्षणी खाली वळायचा. तो वळला की बोटांच्या टोकांना आधी कळायचं. मग कॅचरच्या हातमोज्याचा धप्प आवाज यायचा. विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली तेव्हा मला माझ्या उजव्या हाताचा फार गर्व झाला होता. झोपतानासुद्धा मी तो हात उशीवर वेगळा ठेवायचो.

दोह्यात हिवाळा म्हणजे सर्व्हिसिंगचे दिवस. एसी बंद असतात, म्हणून याच दिवसांत ते उघडून धुवायचे. त्या वर्षी बाबा कॉलिन्स नावाच्या एका अमेरिकन इंजिनियरच्या व्हिलात कॉइल धुवायला गेले, आणि तिथल्या भिंतीवर त्यांना बेसबॉलचे हातमोजे टांगलेले दिसले. बाबांचं इंग्रजी कामापुरतं होतं. गॅस, लीकेज, टुमॉरो, फिनिश. तरी त्यांनी शिडीवरूनच हातवारे करून सांगितलं की माझा मुलगा हेच खेळतो, चेंडू फेकतो, युनिव्हर्सिटी. कॉलिन्स साहेबांना मोठी गंमत वाटली. हिंदुस्थानात बेसबॉल खेळतात हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. बोलता बोलता ते म्हणाले की त्यांच्या बायकोचा भाऊ तिकडे एका व्यावसायिक संघासाठी गावोगाव हिंडून कॉलेजातली पोरं हेरतो, आणि नाताळात तो दोह्याला येतोय. मुलगा इथे असता तर त्यानं बघितलं असतं.

साहेब ते बोलून विसरलेही असतील. बाबा विसरले नाहीत.

त्यांच्या कंपनीच्या ऑफिसात शौकतचाचा होते. रत्नागिरीकडचे, व्हिसाच्या कागदांमागे धावणारे. दोह्यातच, मदिनत खलीफा भागात, त्यांचं कुटुंब होतं, म्हणून फॅमिलीवाला माणूस असा त्यांचा रुबाब होता. बाबांनी त्यांच्यामागे लकडा लावला. शौकतचाचांनी कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो त्या अरब मालकाला, गाठलं, काय सांगितलं कुणास ठाऊक, आणि डिसेंबरात मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो.

विमानतळावर बाबा मला आधी दिसलेच नाहीत. बाहेर गर्दी होती, आणि ते पुढच्या माणसांच्या खांद्यांमागे होते. मग कुणाच्या तरी काखेखालून वाट काढत एक लहानसा माणूस पुढे आला आणि माझ्या हातातली बॅग घ्यायला लागला. बाबा इतके लहान आहेत हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. घरी आले की ते बहुतेक खाटेवर बसलेले असायचे, आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमिनीवर.

ते सगळे दिवस मी बाबांच्या खोलीत राहिलो. खोलीत आपल्याकडचीच माणसं होती, कुणी वेल्डर, कुणी प्लंबर. बुलढाण्याचे गजाननकाका पिकअप चालवायचे. त्यांनी स्वतःची खाट मला दिली आणि ते खाली झोपले. माझ्यासाठी सकाळी अंडी उकडली जायची. कुणी मला बादली उचलू द्यायचं नाही, हात दुखेल म्हणून. दुपारी काम आटोपलं की गजाननकाका मागच्या अंगणात माझ्यासमोर कॅचर म्हणून बसायचे. माझ्या जुन्या हातमोज्यात त्यांनी एसीच्या पाइपाला गुंडाळायचा काळा फोम भरला होता. तरी त्यांचा तळवा लाल व्हायचा. बाबा उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून बघायचे. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. समोरच्यानं चेंडू मारला नाही तर चांगलं, की मारला तर, हे त्यांनी मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मान हलवली.

कामावर मात्र त्यांनी सगळीकडे सांगून टाकलं होतं. दोह्यातल्या निम्म्या मराठी माणसांना माहीत झालं होतं की अमेरिकेहून एक माणूस याच्या पोराला बघायला येतोय. भाजीच्या दुकानात अनोळखी माणूस माझा दंड दाबून बघायचा आणि हसायचा. इन्शाल्ला, म्हणायचा. मला त्या दिवसांत माझी ताई सारखी आठवायची. तिला पाहायला पाहुणे आले की आई तिला दोन दिवस उन्हात जाऊ द्यायची नाही. पाहुण्यांसमोर चालून दाखव म्हटलं की ती चालायची. ते लोक गेले की ती मागच्या दारी जाऊन बराच वेळ तोंड धुवायची. मी तिला हसायचो. त्या डिसेंबरात मला पहिल्यांदा वाटलं की आपण हसायला नको होतं.

कॉलिन्स साहेबांनी ठरवून दिलेला तो शुक्रवार होता. शमाल सुटला होता, म्हणजे उत्तरेकडचा वारा, हिवाळ्यात तो अंगाला बोचतो आणि डोळ्यांत वाळू घालतो. गजाननकाकांच्या पिकअपमध्ये आम्ही गेलो, तर मैदानावर आपली माणसं आधीच येऊन बसलेली. अमेरिकन मंडळी घडीच्या खुर्च्यांवर कॉफीचे मोठे मग घेऊन होती, आणि त्यांच्या शेजारीच आपल्या चटया अंथरलेल्या. शौकतचाचांच्या घरून जुबेदाचाचींनी सांदणं करून आणली होती, डब्यात नारळाचं दूध होतं. पोरं आरडत धावत होती. कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला होता. मला हे सगळं जत्रेसारखं वाटलं आणि कानापर्यंत लाज वाटली. माझ्या कॅनव्हासच्या बुटांना मी सकाळी खडू फासला होता. तो खडू पाऊल टाकलं की उडत होता.

आणि बाबा. साहेबांसमोर नीट दिसावं म्हणून त्यांनी शौकतचाचांचा कोट मागून घातला होता. शौकतचाचा चांगले सहा फुटी. कोटाच्या बाह्यांतून बाबांच्या बोटांची फक्त टोकं बाहेर दिसत होती.

पाहायला आलेल्या माणसाचं नाव वॉल्ट होतं. म्हातारा, मान उन्हानं रापलेली, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. तो फार बोलला नाही. त्यानं माझा उजवा हात हातात घेतला, बोटं ताणून बघितली, खांदा चाचपला. थोडं चालून दाखवायला सांगितलं. थोडं पळून दाखवायला सांगितलं. वाईट वागला नाही, उलट फार मऊपणानं सगळं करत होता. शौकतचाचा मासळीबाजारात हामूरचा कल्ला उचलून बघतात तेव्हा त्यांचाही हात असाच मऊ असतो.

मग त्यानं चटयांकडे बघून विचारलं की यातले वडील कोणते.

बाबांना बोलावलं. ते धावतच आले. वॉल्टनं खुणेनं त्यांना माझ्या शेजारी उभं राहायला सांगितलं. मग बुटांकडे बोट केलं. मला नंतर कळलं की तिकडे हेरणारे लोक असं करतात. मुलगा अजून वाढणार आहे का, अंगानं भरणार आहे का, हे बापाकडे बघून ठरवतात. तेव्हा मला एवढंच कळलं की बाबा वाकून बुटांच्या नाड्या सोडतायत. त्यांच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. ते माझ्या शेजारी ताठ उभे राहिले, हात पँटच्या शिवणीला लावून, शाळेतल्या कवायतीत उभे राहतात तसे. माझ्या कानाच्या पाळीपर्यंत येत होते. वॉल्ट दोन पावलं मागे सरकून आमच्या दोघांकडे बघत राहिला. चटयांवरच्या लोकांना वाटलं हा काही सन्मान चाललाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

माणसाला आपल्या बापाची लाज वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ती वाटल्याबरोबर तिच्याच मागे दुसरी लाज येते, ती पहिलीची असते. त्या दोघींना बरोबर घेऊनच मी चेंडू उचलला.

मी माउंडवर, म्हणजे जिथून चेंडू टाकायचा त्या उंचवट्यावर, चढलो. समोर कॉलिन्स साहेब स्वतः कॅचर म्हणून बसले होते. पहिला चेंडू त्यांच्या डोक्यावरून मागच्या जाळीत गेला. दुसरा त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच वाळूत आपटला. मी श्वास घेतला, बोटं शिवणीवर ठेवली आणि माझा वळणारा चेंडू टाकला. तो वळला नाही. नुसताच हळू गेला. चटयांवरून मात्र प्रत्येक चेंडूला टाळ्या येत होत्या. जाळीत आदळून आवाज मोठा झाला की जास्त. अमेरिकन पोरं आमच्या लोकांकडे बघत होती आणि मग एकमेकांकडे. वॉल्टनं मला थांबवलं, पाणी दिलं, घाई नाही म्हणाला. मी पुन्हा टाकले. पुन्हा तसेच गेले. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला तो काळा कोट दिसत होता. बाबांनी बूट अजून घातले नव्हते, हातात धरून उभे होते.

शेवटी वॉल्ट कॉलिन्स साहेबांशी काही बोलला, आणि साहेबांनी मला बाजूला घेऊन सावकाश, मला कळेल अशा इंग्रजीत सांगितलं. वेग कमी आहे. वेग एक वेळ वाढवता येतो, पण चेंडूवर ताबा दिसला नाही. या वयाची जी मुलं तो घेतो त्यांच्यात दोन्ही असतं. तू वाईट वाटून घेऊ नकोस, शीक, खेळत राहा. मी थँक यू म्हणालो. वडिलांच्या उंचीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

वॉल्ट मात्र जाताना बाबांकडे गेला. त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "गुड बॉय. स्मॉल, बट गुड." आणि स्मॉल म्हणताना त्याचा पंजा जमिनीकडे तोंड करून हवेत थोडा खाली गेला. त्याला बाबांशी काहीतरी चांगलं बोलायचं होतं इतकंच. बाबांना त्या वाक्यातले सगळे शब्द येत होते.

चटयांवर सगळे वाट बघत होते. बाबा कोट काढून घडी घालत तिथे गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "झालं नाई बावा. पोट्ट्याचं सगळं ठीक हाय, माह्या उंचीनं घात केला." मग कुणीतरी हसलं, आणि एकदा हसू फुटल्यावर सगळेच हसले. वातावरण एकदम हलकं झालं. बाबाही हसले. पुढच्या जन्मी आधी उंची मागून घेतो आणि मग पोरं होऊ देतो, असं काहीतरी म्हणाले. जुबेदाचाचींनी माझ्या हातात सांदण ठेवलं, त्यावर नारळाचं दूध ओतलं. मी ते खाल्लं. ते गोड होतं आणि मला भूक लागली होती, हेही मला आठवतं.

परतताना पिकअपच्या मागच्या बाजूला आम्ही दोघंच होतो. बाबांनी विचारलं, "साहेब काय म्हणे तुले?"

मी म्हणालो, "तेच."

"उंचीचंच?"

मी रस्त्याकडे बघितलं. मग बाबा म्हणाले, "तुह्या मायकडचे सगळे उंच हायेत. तिच्यावर गेला असता तं बरं झालं असतं. माह्यावर गेला."

ते माफी मागत होते. मला तेव्हाच कळलं होतं, नंतर कळलं असं म्हणायची सोय नाही.

पुढचे काही दिवस बाबांनी मला दोहा दाखवलं. आम्ही कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, गेलो, लाकडी होड्या बघितल्या, एका लेबनानी दुकानात शावरमा खाल्ला. कॉर्निशवरच एका फिलिपिनो माणसाला सांगून आम्ही फोटो काढून घेतला. मी उभा राहिलो. बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहणार म्हणून मी सरकलो, तर ते समुद्राकाठच्या कठड्यावर बसले. उभे राहा ना, मी म्हणालो. राहू दे, पाय दुखतात, म्हणाले. तो फोटो अजून आमच्या गावच्या घरात आहे. आईला तो फार आवडतो. तिच्या मते त्यात बाबा साहेबासारखे बसले आहेत.

मी परत जाऊन पदवी घेतली. बेसबॉल सुटला, कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. एसीचा कोर्स केला, आणि बाबांनी नोकरी सोडून गाव गाठलं त्याच सुमारास मी इथे आलो. बाबांच्या खोलीतली बरीच माणसं तीच होती. त्यांनी नव्या लोकांना माझी ओळख करून दिली, हा तो, बापाच्या उंचीपायी याची अमेरिका हुकली. मी हसलो. पहिल्यांदा हसलो, मग दरवेळी हसत गेलो. लग्न झालं, बायको आली, मुलगी झाली, आम्ही थुमामात फ्लॅट घेतला. दर हिवाळ्यात आमची मंडळी एखाद्या शुक्रवारी बागेत जमतात, शेगड्या पेटवतात, आणि कोळसा लाल होईपर्यंत वेळ घालवायला कुणीतरी ती गोष्ट काढतंच. गोष्ट वाढतही गेली. कुणी म्हणायचं गोऱ्यानं टेप लावून बाबांना मोजलं. कुणी म्हणायचं बाबांनी टाचा उचलल्या होत्या आणि गोऱ्यानं पकडलं. घरी फोन केला की मी बाबांना सगळ्यांचा नमस्कार सांगायचो. अजून आठवण काढतात का माझी, असं ते विचारायचे. काढतात, मी सांगायचो. कशावरून काढतात ते सांगायचो नाही.

मागच्या हिवाळ्यात शौकतचाचा कायमचे रत्नागिरीला जायला निघाले. त्यांच्या निरोपाचं जेवण बागेतच होतं. एका नव्या ड्रायव्हरला कुणीतरी ती गोष्ट रंगवून सांगत होतं, तेवढ्यात माझी मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. तिनं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "इज इट ट्रू, बाबा? बिकॉज आजोबा इज शॉर्ट?" आणि तिनं हात जमिनीजवळ नेऊन दाखवला आणि खुदकन हसली.

मी म्हणालो, नाही, खरं नाही. आणि मग मला थांबता येईना. सगळ्यांसमोर सांगितलं की माझे चेंडूच वाईट पडले. वेग नव्हता, ताबा नव्हता, साहेबांनी मला तसं स्पष्ट सांगितलं होतं. बाबांच्या उंचीचा काही संबंध नव्हता. मी त्या दिवशी बोललो नाही, आणि पुढे एवढी वर्षं सगळ्यांबरोबर हसत राहिलो.

शेगडीवर चरबी पडून चुरचुरत होती. नव्या ड्रायव्हरला कुठे बघावं कळेना. गजाननकाका काट्यानं कोळसे सारखे करत राहिले. शेवटी शौकतचाचा बोलले. फार शांतपणे, मुलाला समजावतात तसं.

"आमाला काय डोळे नव्हते? तुझा चेंडू कुठं जात होता ते सगळ्यांनी बघितलं. या गजाननानं तुझे चेंडू रोज झेललेले, त्याला पहिल्या चेंडूलाच कळलं. पण तुझ्या बापसानं तुला झाकायला स्वतःवर घेतलं. मग आमी तेच धरून बसलो. त्याचा शब्द कोण मोडणार?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला मान वर करता येईना. मी ज्याला माझं गुपित समजत होतो ते चटईवरच्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्याकडे बघून हसणाऱ्या त्या माणसांनी इतके हिवाळे मला सांभाळून घेतलं होतं. जुबेदाचाचींनी माझ्या ताटात आणखी एक कबाब वाढला. थंड होतंय, खा, म्हणाल्या.

घरी आल्यावर, गावाकडे बाबा जेवून झोपायच्या आत त्यांना गाठावं म्हणून लगेच फोन लावला. आईनं उचलला, मग बाबांना दिला. शौकत निघाला का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, निघाले. आणि मग सांगितलं की सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं. तुम्ही माझ्यासाठी स्वतःवर घेतलंत हे त्यांना तेव्हाच समजलं होतं. मी बोलायला हवं होतं, तुम्ही इथे होतात तोवर उगीच लोकांचं हसणं ऐकलंत.

बाबा म्हणाले, "काय घेतलं मी माह्यावर?"

मी पुन्हा सांगितलं. माझे चेंडू वाईट पडले होते. साहेब तेच म्हणाले होते. उंचीचं कुणी काही बोललं नव्हतं. जाळीत जात होते ना चेंडू, तुम्ही बघितलं असेलच.

"मले त्या खेळातलं काय समजते," बाबा म्हणाले. "चेंडूकडे कोण पाह्यत होतं? मी तं तुह्याकडेच पाह्यत होतो."

फोनमधून आमच्या अंगणातल्या गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. बाबा काहीतरी मनात जुळवत होते. त्यांनी मला दोष दिला नाही, एवढे दिवस काऊन नाही बोलला असंही विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी रिसीव्हर कानापासून दूर नेला असावा, कारण आवाज लांबून आला. ते स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला सांगत होते, आणि आवाजात नुकत्याच सुटलेल्या माणसाचा मोकळेपणा होता:

"ऐकलं का वं, उंचीचं नव्हतं म्हणते तो."